परक्याने दिलेले मार्क

गोंडाणे सरांसमोर कोणी उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. कोणी म्हणजे अगदी कोणीच. विद्यार्थी असो, शिपाई असो, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस असो, नाहीतर बोरसी गावाहून भाजीची टोपली घेऊन येणारी बाई असो, सरांचा पहिला शब्द ठरलेला: "बसा." आणि बसा म्हणजे खुर्चीवर बसा. भाजीवाली सवयीने उंबऱ्याशी टेकायला गेली की सर आतून खुर्ची घेऊन धावत. ती बिचारी खुर्चीच्या काठावर जेमतेम टेकायची, कधी एकदा उठते असं तिला होऊन जायचं, आणि त्या घाईत ती मेथीच्या दोन जुड्या जास्तीच्या टाकून पळायची. सरांना वाटायचं, मानाने वागवलं म्हणून दिल्या.

माझी त्यांची पहिली भेटही खुर्चीवरूनच झाली. भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. माझा मोठा भाऊ तिथे लेखा विभागात लागला होता आणि त्याच्या पाठोपाठ मीही वर्ध्याहून आले होते. टंकलेखनाची परीक्षा झालेली, घरी बसून करायचं काय, म्हणून मी कारखान्याच्या प्रशिक्षण संस्थेत नोकरीसाठी अर्ज केला. संस्था म्हणजे पत्र्याच्या छपरांच्या लांबलचक बराकी आणि भोवती लाल धूळ. मुलाखतीला टेबलामागे तिघेजण बसले होते. टेबलाच्या अलीकडे खुर्ची नव्हती, तेव्हा मी पदर सावरून उभी राहिले आणि विचारलं ते सांगू लागले.

कडेला बसलेला बुटका, सावळा, जाड भुवयांचा माणूस मध्येच म्हणाला, "बाई, तुमी उभ्या कावून?"

मी म्हटलं, "मला कोणी बसा म्हटलं नाही."

"मंग चूक आमची हाये," असं म्हणून तो उठला, स्वतःची खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आणून ठेवली, आणि पुढची सगळी मुलाखत त्याने भिंतीला टेकून उभ्याने घेतली. बाकीचे दोघे अवघडून बसले होते. मला नोकरी लागली. पुढे बऱ्याच दिवसांनी सर म्हणाले, "तुमाले टायपिंग किती येते ते म्या पाह्यलंच नाई. 'मला कोणी बसा म्हटलं नाही' असं तुमी तोंडावर बोलल्या, तवाच पास झाल्या."

हरिदास गोंडाणे हे भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. नागपूरला विज्ञानाची पदवी घेतली, कारखान्यात लागले, आणि भट्ट्या अजून पेटायच्या होत्या तेव्हाच धातुशास्त्र शिकायला त्यांना रशियन लोकांकडे पाठवलं गेलं. नीपर नदीकाठच्या एका पोलादाच्या शहरात ते शिकले. परत येताना त्यांनी तीन वस्तू आणल्या: केसाळ टोपी, कामचलाऊपेक्षा पुष्कळ बरी रशियन भाषा, आणि एक कल्पना. टोपी त्यांनी भिलाईच्या जानेवारीतही घालून पाहिली आणि घामाघूम होऊन ठेवून दिली. भाषा रशियन इंजिनियरांशी बोलण्यात खर्च होत होती. कल्पनेने मात्र त्यांना आयुष्यभर सोडलं नाही, आणि त्यामुळे तिने मलाही सोडलं नाही, कारण तिच्यापायी निघणारी सगळी पत्रं माझ्या यंत्रावर टाइप व्हायची.

कल्पना अशी. त्या शहरातल्या संस्थेत प्राग, क्राकोव, बुडापेस्ट अशा ठिकाणच्या विद्यापीठांतून विद्यार्थी यायचे. अर्धं वर्ष राहायचे, शिकायचे, परीक्षा द्यायचे आणि मार्क घेऊन घरी जायचे. प्राध्यापकांचंही तसंच. इकडचा तिकडे जाऊन शिकवायचा, तिकडचा इकडे येऊन परीक्षा घ्यायचा. सर हे सांगू लागले की त्यांच्या भुवया वर चढत.

"कुंदाताई, प्रागचा पोट्टा क्राकोवले जाते, तिथचे मार्क घेऊन घरी येते. आन् घरचे ते मार्क मानतात! आपल्या पोट्ट्याले दुसऱ्यानं मार्क देले, आन् ते मानतात. याच्यात केवढी मोठी गोष्ट हाये, समजून राहिलं का तुमाले?"

मला सुरुवातीला काही समजत नव्हतं. मी आपली मान हलवून टाइप करत होते.

समजलं ते त्यांच्या घरी. कारखान्याच्या वसाहतीतल्या त्यांच्या छोट्या क्वार्टरमध्ये माणसं दोन आणि खुर्च्या सात. सगळ्या खुर्च्या, आणि जेवायचं टेबलसुद्धा, रशियाहून यंत्रं ज्या खोक्यांत यायची त्या खोक्यांच्या फळ्यांची. फळ्यांवर काळ्या रंगात रशियन अक्षरं छापलेली असायची. माझ्या नेहमीच्या खुर्चीच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण होता आणि सुताराने तो नेमका खालच्या दिशेने लावला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सातांपैकी जमतील तितक्या खुर्च्या मांडलेल्या, आणि सर जेवायला टेबलाशी. वहिनी मात्र, म्हणजे सरांच्या पत्नी यशोदाबाई, खाली पाटावर. त्यांना टेबलावर घासच उतरत नसे.

"मी किती सांगून राहिलो, वर बस," सर म्हणायचे.

"अन् मी किती सांगून राहिली, खाली बसा. हातभर उंचावर भाकर हाये तुमची, वाढाले सारखं उठा लागते मले," वहिनी म्हणायच्या. "कुंदाबाई, ह्या माणसाच्या मांड्या लाकडाच्या झाल्या. लग्नापासून एक डाव खाली बसून जेवला नाई."

"नाईच बसणार," सर म्हणाले, आणि मग मला हसत हसत त्यांनी ती शाळेची गोष्ट सांगितली.

गावच्या शाळेत त्यांना वर्गात जागा नव्हती. ते दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे जमिनीवर बसून शिकले. एकदा तपासणीला बाहेरगावचा साहेब आला. त्याने वर्गाला एक गणित घातलं. वर्ग गप्प. उत्तर दाराबाहेरून आलं. साहेबाला कोण कुठला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने मुलाला आत बोलावलं, फळ्यावर गणित करायला लावलं, आणि सगळ्यांत जास्त मार्क देऊन पाठ थोपटली.

"साहेबाची गाडी पांदणीनं वळली, आन् मी परत दाराबाहेर," सर म्हणाले. "मार्क? मास्तरनं मानलेच नाई. म्हणे, साहेबाले काय माहीत तू कोण. कुंदाताई, तेच तर! साहेबाले माहीत नव्हतं म्हणूनच त्यानं उत्तर ऐकलं. माह्या मास्तरले माहं आडनाव ठाऊक होतं. परक्याले फक्त उत्तर ठाऊक असते."

हे सांगताना ते हसतच होते. वहिनी मात्र हसत नव्हत्या. त्यांनी न विचारताच सरांच्या ताटात अजून एक भाकर टाकली.

नीपरकाठच्या संस्थेत त्यांची शेवटची परीक्षा घ्यायला परकाच माणूस होता. प्रागचे प्राध्यापक हावेलका, अदलाबदलीत आलेले. परीक्षा तोंडी. टेबलावर पालथ्या घातलेल्या चिठ्ठ्यांतली एक उचलायची, तिच्यावरच्या प्रश्नाचा थोडा वेळ विचार करायचा आणि परीक्षकासमोर बसून बोलायचं. हावेलकांनी खुर्ची पुढे सरकवली, नाव विचारलं, आडनाव लिहायला घेतलं, एकदा खोडलं, दुसऱ्यांदा खोडलं, आणि कंटाळून "हरिदास" एवढंच ठेवून प्रश्न विचारला. "ज्या आडनावानं मले दाराबाहेर बसवलं," सर म्हणायचे, "ते त्या बापड्याले लिहिताच आलं नाई." हा किस्सा मी अनेकदा ऐकला, आणि प्रत्येक वेळी सर या ठिकाणी थांबून पोटभर हसत.

तर ही पद्धत त्यांनी भिलाईत आणली. चिठ्ठ्या त्या केसाळ टोपीत घालायच्या. विद्यार्थ्याने एक उचलायची, खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा आणि बोलायचं. आमची मुलं उतईची, दुर्गची, राजनांदगावची, काही आमच्या विदर्भातली. मास्तरांसमोर हात बांधून उभं राहायचं एवढंच त्यांना माहीत. खुर्चीवर बसा म्हटल्यावर त्यांची येत असलेली उत्तरंही पळायची. एकजण ऐकेचना, उभाच राहिला. सरही उठले. "तू उभा, मी उभा. पाहू कोण थकते." शेवटी तो मुलगा बसला, पण चहा काही त्याच्या घशाखाली गेला नाही.

आणि वर आणखी एक नियम. सरांशी निदान एकदा तरी वाद घातल्याशिवाय पास व्हायचं नाही. परीक्षक म्हणतो ते सगळं बरोबर, असं म्हणणाऱ्याला सर परत पाठवत. "इतकं मानतोस मले, तर घरी फोटो लाव माहा. इथं भांड." सुरुवातीला मुलं भांडण्याचा अभिनय करायची. मग हळूहळू खरोखर भांडू लागली, इतकी की शेजारच्या बराकीतल्या लोकांनी तक्रार केली.

पण स्वतःच्या मुलांची परीक्षा स्वतः घेण्यात सरांना गोडी नव्हती. त्यांना परका हवा होता. रायपूरच्या एका महाविद्यालयाशी त्यांनी अदलाबदल ठरवली: तुमचा मास्तर आमच्याकडे, आमचा तुमच्याकडे. तिकडचे प्राध्यापक आले. सरांनी त्यांना आधी घरी जेवायला नेलं. वहिनींच्या हातचा मटणाचा रस्सा म्हणजे काय चीज होती, ते मी शाकाहारी घरातली असून सांगू शकते, कारण त्या प्राध्यापकांना मी नंतर पाहिलं. ते डोळे मिटून परीक्षा घेत होते आणि सगळी मुलं पास झाली. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला की परीक्षकाला जेवण परीक्षेनंतर.

मग सरांनी थेट प्रागला पत्र लिहायचं ठरवलं. मी टाइप केलेला मसुदा आमच्या मोठ्या साहेबांकडे गेला. मोठे साहेब, म्हणजे संस्थेचे प्राचार्य, लखनौकडचे, फार सज्जन माणूस. पत्रात लिहिलं होतं की भिलाईचे दोन विद्यार्थी अर्ध्या वर्षासाठी प्रागला शिकायला जावेत आणि प्रागचे दोन भिलाईला यावेत. मोठ्या साहेबांनी शेवटचा भाग खोडून मसुदा परत पाठवला. सर तो घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि मी मागोमाग.

"गोंडाणेजी," मोठे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "उधर से यहाँ कौन आएगा? मच्छर कटवाने? हमारे लड़के चले जाएँ, यही बहुत है."

"साहब, सिर्फ जाना तो ट्यूशन हुआ," सर म्हणाले. "आएँगे-जाएँगे तब बराबरी."

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "कुंदाताई, खोडलेलं परत टाइप करा." मी केलं. मोठ्या साहेबांनी पुन्हा खोडलं. मी पुन्हा टाइप केलं. असं बरंच चाललं. शेवटी मोठ्या साहेबांनी कंटाळून सही केली, आणि पत्र गेलं. त्या दिवसापासून सरांचा जीव या एकाच गोष्टीत अडकला. प्रागचा एक तरी मुलगा भिलाईला यावा, त्याची परीक्षा भिलाईत व्हावी, आणि भिलाईने दिलेले मार्क प्रागने मानावेत.

उत्तर आलं ते हावेलकांचं स्वतःचं. काही कामासाठी ते रांचीला येत होते, तिथून भिलाईला येऊन विद्यार्थी पाहतील, परीक्षा घेतील, मग ठरवू.

संस्थेचं लग्नघर झालं. बराकींना चुना लागला, पावर हाउस स्टेशनाजवळच्या बाजारातून झेंडूचे हार आले. सर फक्त मुलांना तयार करत होते. सगळ्यांत पुढे होता बिसाहू, उतईकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, मिशा ठेवलेला, धिप्पाड, बोलायला लाजाळू, पण एकदा खुर्चीवर बसला की सरांनासुद्धा न ऐकणारा. रशियन इंजिनियरांच्या बायका संध्याकाळचे भाषेचे वर्ग घेत, त्यांतून तो कामापुरती रशियन शिकला होता. "घाबरायचं नाई," सर त्याला हिंदीत आणि मग चुकून मराठीत सांगत. "आत जायचं, बसायचं, मंग बोलायचं. उभ्यानं एक शब्द बोलायचा नाई. आधी बूड टेकव, मंग तोंड उघड."

परीक्षेच्या सकाळी मोठ्या साहेबांनी खोलीवर शेवटची नजर टाकली. त्यांना एक गोष्ट खटकली. एवढा मोठा पाहुणा, आणि त्याच्यासमोर कालचं पोर खुर्ची टाकून बसणार? हे बरं दिसणार नाही. फोटोही निघणार होते. त्यांनी अगदी आदराच्या भावनेने विद्यार्थ्याची खुर्ची उचलायला सांगितली. शिपाई ती घेऊन गेला. सरांना याचा पत्ता नव्हता, कारण त्यांच्याच नियमाप्रमाणे ज्याने शिकवलं त्याने परीक्षेच्या खोलीत थांबायचं नाही. ते बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. मी मार्क टिपायला आत होते, आणि माझी खुर्ची मला टेबलाच्या कोपऱ्यामागे मिळाली होती.

हावेलका आले. उंच, पिकलेले, एका गुडघ्याने अधू. गळ्यातला हार काढून त्यांनी शिस्तीत टेबलावर ठेवला. बिसाहू आत आला, टोपीतून चिठ्ठी उचलली, आणि बसायला वळला. खुर्ची नव्हती. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मोठे साहेब त्याला डोळ्यांनी खुणावत होते की उभा राहा. पण उभ्याने बोलायचं नाही हे सरांनी त्याच्या डोक्यात इतकं ठासून भरलं होतं की दुसरं काही सुचायला जागाच उरली नव्हती. त्याने दोन क्षण विचार केला, चपला काढून कडेला ठेवल्या, आणि टेबलासमोर जमिनीवर ऐसपैस मांडी घालून बसला. मग वर मान करून त्याने बोलायला सुरुवात केली.

खिडकीतून सरांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा मला दिसला. इतकी वर्षं ज्या माणसाने कोणाला जमिनीवर बसू दिलं नव्हतं, त्याचा सगळ्यांत आवडता विद्यार्थी परक्या पाहुण्याच्या पायाशी जमिनीवर बसला होता. ते वळले आणि ताडताड दाराकडे निघाले. मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

तेवढ्यात हावेलका उठले. त्यांना वाटलं, ही इथली परीक्षेची रीत असणार. भारतात गुरू-शिष्य असे बसतात हे त्यांनी कुठेतरी वाचलंही असेल. टेबलाला वळसा घालून ते पुढे आले, वाकून बुटांचे बंद सोडले, बूट बिसाहूच्या चपलांशेजारी नीट मांडले, आणि अधू गुडघ्याला हाताने धरून, टेबलाचा आधार घेत घेत, बिसाहूच्या समोर जमिनीवर बसले.

 हावेलकांनी खडू मागितला. लोखंडात कार्बन किती असला की काय होतं, तो आलेख त्यांनी दोघांच्या मधल्या फरशीवर काढला आणि बिसाहूला म्हणाले, इथून पुढे बोल. बिसाहू बोलला. आलेखातली एक रेघ चुकली आहे म्हणाला आणि ती हाताने पुसून पुन्हा काढली. हावेलका म्हणाले, माझीच बरोबर आहे. बिसाहू म्हणाला, नाही. दोघं फरशीवर वाकून भांडू लागले. मोठे साहेब काही वेळ खुर्चीवर बसले होते. मग पाहुणा खाली आणि आपण वर हे त्यांना सहन होईना, तेव्हा तेही सुटाबुटात हळूच खाली बसले. फोटोवाल्याने फोटो काढला.

सर दारात पोचले होते आणि उंबऱ्यावरच थांबले होते. हावेलकांनी त्यांना पाहिलं आणि हसून शेजारची फरशी थोपटली. या, बसा. सरांनी मान हलवली. नको. ते तिथेच चौकटीला धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. 

परीक्षा संपल्यावर हावेलकांना उठता येईना. एका बाजूने बिसाहूने, दुसऱ्या बाजूने मोठ्या साहेबांनी धरून त्यांना उभं केलं. नंतर सरांनी बिसाहूला बाजूला घेऊन विचारलं, खाली का बसलास? तो गोंधळून आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, "कुरसी नइ रिहिस सर, त भुइंया म बइठ गेंव." त्याच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

रात्रीच्या जेवणाला हावेलका सरांकडे आले. परीक्षा उरकली होती, त्यामुळे रस्सा वाढायला हरकत नव्हती. ते माझ्या बाणाच्या खुर्चीवर बसले, नाक पुसत पुसत जेवले, आणि म्हणाले की तुमच्या पद्धतीत विद्यार्थ्याला टेबलामागे लपता येत नाही, परीक्षकालाही नाही, हे मला फार आवडलं. ही आमची पद्धत नाही, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं होतं. वहिनींना रशियन कुठून कळायला? पण सरांचा चेहरा त्यांना कळत होता. त्या खालून म्हणाल्या, "काहाले खुलासा करता? जेवू द्या ना त्याले." सरांनी उघडलेल्या तोंडात भाकरीचा घास टाकला.

बिसाहू आणि आणखी एकजण प्रागला गेले. त्यांचं जायचं ठरल्याचं पत्र आलं त्यात इकडे कोणी येण्याबद्दल मात्र अक्षर नव्हतं. "विचार चालू आहे" एवढंच. सर मुलांना पोचवायला दुर्ग स्टेशनवर गेले, हसले, हात हलवले, आणि परत आल्यावर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "पोट्टे गेले, बेस झालं. पण अजून ट्यूशनच हाये, कुंदाताई." आम्ही पुन्हा पत्रं लिहू लागलो. मोठे साहेब आता खोडत नसत. जमिनीवर बसल्यापासून त्यांच्यात काहीतरी बदल झाला होता, निदान सही तरी ते लवकर करत.

बिसाहूचंही पत्र आलं. तो मजेत होता. थंडी फार होती, आणि तोंडी परीक्षेला त्याच्यासाठी खास जमिनीवर गालिचा घातला होता. बाकीची मुलं खुर्चीवर, तो आणि हावेलका गालिच्यावर. सरांनी ते पत्र वाचून कपाळाला हात लावला.

आणि मग, आम्ही जवळजवळ आशा सोडली होती तेव्हा, यान आला. प्रागचा, हावेलकांचा विद्यार्थी, दोन नाही तर एकच, पण आला. सोनेरी केस, अंगावर जाडजूड लोकरी कोट, पावर हाउसच्या स्टेशनावर उतरला तेव्हा त्याला पाहायला अर्धा बाजार जमला. सगळ्यांत मोठा हार मोठ्या साहेबांनीच घातला. यान भट्टीवर राबला, वर्गात बसला, डासांनी त्याला फोडून काढलं, वहिनींचा रस्सा त्याने पहिल्या दिवशी रडत आणि नंतर मागून मागून खाल्ला. आणि अखेरीस त्याच्या परीक्षेचा दिवस आला. आमच्याकडे बाहेरून आलेल्या मुलाला परके आम्हीच, तेव्हा परीक्षक गोंडाणे सर.

सरांनी आदल्या दिवशी संस्थेतल्या स्वतःच्या खुर्चीची वेताची बैठक नवीन विणून घेतली आणि ती विद्यार्थ्यासाठी ठेवली. यान आला, टोपीतून चिठ्ठी घेतली, खुर्चीकडे पाहिलं, बूट काढले आणि खुर्चीच्या शेजारी जमिनीवर मांडी घालायची खटपट करू लागला. त्याचे लांब पाय काही केल्या दुमडत नव्हते.

सर त्याला रशियनमध्ये म्हणाले, वर बस.

यान म्हणाला, भिलाईत परीक्षा खाली बसून होते. आम्हाला तसंच सांगितलं आहे.

सर म्हणाले, ती चूक झाली होती. त्या दिवशी खुर्ची नव्हती.

यान म्हणाला, असेल. पण आमच्या प्राध्यापकांनी ती पद्धत मानली आहे. आणि तुमच्याशी एकदा वाद घातल्याशिवाय पास होता येत नाही असं बिसाहूने सांगितलंय, तर माझा वाद हाच. मी वर बसणार नाही.

सरांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. स्वतःच्याच नियमात ते पुरते सापडले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मार्कांच्या कागदाकडे पाहिलं, कारण मला हसू आवरत नव्हतं. सरांनी टेबलाला वळसा घातला, चपला काढल्या, आणि लाकडाच्या त्या मांड्या कशाबशा दुमडून यानसमोर बसले. दोघांनाही धड मांडी घालता येत नव्हती. परीक्षा मात्र उत्तम झाली. पूर्ण मार्क सरांनी दिले नाहीत. म्हणाले, एका ठिकाणी पोट्ट्यानं लवकर हार मानली.

ते मार्क मी टाइप करून प्रागला पाठवले. त्यानंतर सर रोज माझ्या टेबलाशी येत. "आलं का?" मी नाही म्हणे. ते जात. जायच्या आधी मला उगाचच विचारत, "खुर्ची बरी हाये ना तुमची?"

आलं ते एवढंसं उत्तर. भिलाईहून आलेले यानचे गुण आमच्या विद्यापीठाने त्याच्या परीक्षेत धरले आहेत. बस. मी ते सरांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून मला परत दिलं, आणि म्हणाले, "मानले, कुंदाताई." आणि सुटी व्हायला अवकाश असताना, कधी नव्हे ते, सायकल काढून घरी गेले.

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. यशोदावहिनीही गेल्या. पण ते उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बाजाराची पिशवी घेऊन मुद्दाम वाट वाकडी करून संस्थेत आल्या होत्या, ते मला काल घडल्यासारखं आठवतं. मी खुर्ची दिली. त्या बसल्या, आणि पदराने चेहरा पुसत म्हणाल्या, "कुंदाबाई, काल हापिसात काय झालं? हे घरी आले, काही बोल्ले नाई. जेवाच्या वक्ताले म्या टेबलावर ताट ठेवलं, तर ते ताट उचललं, माह्या बाजूले येऊन खाली ठेवलं, अन् बसले. म्या म्हणलं, कावून? टेबल मोडला का? तर म्हणते, नाई व, बसून पाहून राहिलो."